आयईएलटीएस रीडिंग : शाळेतल्या 'उताऱ्यावरील प्रश्नां'ची सवय मोडताना

पाणकळा (धागाकर्ती)
रविवार, रात्री ९:१२

धागा काढायचं कारण आधी सांगते. मिरजेत माझ्याबरोबर आयसीयूला असलेल्या एका ज्युनिअर सिस्टरचा परवा फोन आला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत तिला लिसनिंग साडेसात, स्पीकिंग सात, रायटिंग साडेसहा आणि रीडिंग सहा. दुसऱ्यांदा. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर एनएमसीला (तिथल्या नर्सिंग कौन्सिलला) रायटिंगमध्ये साडेसहा चालतात, बाकी तिन्हींत मात्र सातच लागतात. म्हणजे तिचं सगळं रीडिंगवर अडलंय. ती म्हणाली, "ताई, मला वाचता येतं हो. मग मार्क का येत नाहीत?"

हाच प्रश्न मी स्वतःला दीड वर्ष विचारत होते. मी जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. माझं रीडिंग पहिल्यांदा ६, दुसऱ्यांदा ६.५ आणि तिसऱ्यांदा ७.५ आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या परीक्षेच्या मधे मी काही मोठं इंग्रजी शिकले नाही. नाइट ड्युट्या करून शिकणार तरी किती? बदललं ते एवढंच, की प्रश्न काय विचारतोय हे मला दिसायला लागलं.

शाळेतला उतारा आठवा. उताऱ्यात 'द फार्मर वेंट टु द मार्केट', खाली प्रश्न 'व्हेअर डिड द फार्मर गो?'. 'फार्मर' शब्दावर बोट ठेवायचं, ते वाक्य उचलायचं, दोन मार्क. अर्थ कळला नाही तरी मार्क मिळायचे. दहावीपर्यंत आपण हेच केलं आणि त्यात पटाईत झालो. आयईएलटीएसमध्ये नेमकी हीच सवय घात करते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा सापडला, की बहुतेक वेळा ते आमिष असतं. खरं उत्तर दुसऱ्याच शब्दांत, कधी दोन ओळी खाली बसलेलं असतं. मी ज्या क्लासला जात होते तिथे "कीवर्ड शोधा, कीवर्ड शोधा" एवढंच सांगायचे. मी शोधत होते, सापडतही होते आणि उत्तरं चुकत होती.

परीक्षेचं स्वरूप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परीक्षेच्या अकॅडमिक प्रकारात तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. तिन्ही मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द. चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडायची नाही. साधारणपणे ३० बरोबर आले की ७ बँड (बँड म्हणजे नऊपैकी गुण), २३ ला ६, ३५ ला ८. प्रश्नपत्रिकेप्रमाणे एखाद्या मार्काचा फरक पडतो.

आता सगळ्यात जास्त मार्क जिथे जातात तिथे येते : ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. विधान उताऱ्याशी जुळलं तर ट्रू, उताऱ्याच्या विरुद्ध गेलं तर फॉल्स, उताऱ्यावरून दोन्ही ठरत नसेल तर नॉट गिव्हन. इंग्रजी बाजूला ठेवून हे आधी मराठीत करून बघा. माझ्या डोक्यात उजेड पडला तो असाच. खाली छोटा उतारा देते.

*बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बेसाल्ट खडकात उल्कापातामुळे तयार झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. एके काळी काही अभ्यासकांना हे ज्वालामुखीचं विवर वाटत असे. सरोवराचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं आढळलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.*

१. विवर कसं तयार झालं याबद्दल अभ्यासकांचं पहिल्यापासून एकमत होतं.
२. पाण्याच्या रंगबदलामागे सजीव होते.
३. २०२० पूर्वी लोणारचं पाणी कधीही गुलाबी झालेलं नव्हतं.
४. रंग बदलल्यामुळे लोणारला रामसर दर्जा मिळाला.
५. सरोवराचं पाणी पिण्यासाठी वापरलं जात नाही.

उत्तरं लिहा. कारणासकट लिहा. मग पुढचं बोलू.

---

लाल_माती
रविवार, रात्री ९:५०

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी दापोलीहून बी.एस्सी. ॲग्री केलंय, मास्टर्ससाठी परीक्षा देतोय, पुढच्या महिन्यात तारीख आहे. माझी उत्तरं : १ फॉल्स, २ ट्रू, ३ ट्रू, ४ फॉल्स, ५ ट्रू.

५ चं कारण : पाणी खारं आहे असं उताऱ्यातच लिहिलंय, खारं पाणी कोण पिणार?

---

घाटमाथा
रविवार, रात्री १०:०५

१ फॉल्स, २ ट्रू, ३ नॉट गिव्हन, ४ फॉल्स, ५ नॉट गिव्हन.

४ फॉल्स म्हणतोय कारण रामसर हा महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, तो मिळण्याची कारणं वेगळी असतात. पाणथळ जागेचं महत्त्व बघतात, रंग बघत नाहीत.

---

पाणकळा
रविवार, रात्री १०:४०

दोघांचेही आभार. चुका लपवल्या नाहीत म्हणून बोलता येईल.

बरोबर उत्तरं : फॉल्स, ट्रू, नॉट गिव्हन, नॉट गिव्हन, नॉट गिव्हन.

लाल_माती, पाचवं बघ. उताऱ्यात पाणी खारं आहे एवढंच आहे. पितात की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. "कोण पिणार?" हे तू तुझ्या पदरचं घातलंस. ते खरं असेलही, पण परीक्षा लोणारची नाही, या सात वाक्यांची आहे. तू शेतीचा विद्यार्थी. तुझ्या उताऱ्यात माती, परागीभवन, सिंचन असं काही आलं तर जास्त सांभाळ, कारण तिथे तुझं ज्ञान उत्तर देऊन मोकळं होईल आणि डोळे उताऱ्यावर जाणारच नाहीत. मला हाच फटका एका झोपेवरच्या उताऱ्यात बसला होता. नाइट ड्युटीवाल्या माणसाला झोपेबद्दल कोणी काय सांगावं! चार उत्तरं माझ्या अनुभवाने लिहिली आणि चारही चुकली.

घाटमाथा, चौथ्यात तुमचंही तेच झालंय, फक्त जरा वरच्या पातळीवर. तुम्हाला रामसरची माहिती आहे म्हणून "फॉल्स" वाटलं. उतारा म्हणतो "त्याच वर्षी". दोन्ही एकाच वर्षी झालं, एवढंच. एकामुळे दुसरं झालं असं म्हणत नाही आणि झालं नाही असंही म्हणत नाही. काळाचा संबंध दिला, कारणाचा संबंध दिलाच नाही.

मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा : फॉल्स लिहायचं असेल तर उताऱ्यातल्या ज्या शब्दांमुळे विधान खोटं पडतं, त्या शब्दांवर बोट ठेवता आलं पाहिजे. पहिल्या विधानात ते येतं, 'काही अभ्यासकांना ज्वालामुखीचं विवर वाटत असे'. चौथ्यात बोट ठेवायला जागाच नाही. बोट हवेत राहिलं की नॉट गिव्हन.

---

शब्दवेल
सोमवार, सकाळी ७:२०

मी सोलापूरला मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. धागाकर्तीने शाळेतल्या उताऱ्याबद्दल लिहिलंय ते वाचून मला वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. आम्ही शिक्षक पास होण्यापुरतं शिकवत होतो. चाळीस मिनिटांचा तास आणि साठ-सत्तर मुलं. ज्याला पस्तीस मार्कांची भीती आहे, त्याला वाक्य उचलायला शिकवणं सोपं पडायचं.

याच अनुभवातून एक गोष्ट सांगतो. मराठी माणूस लांब इंग्रजी वाक्यात अडकतो तो कठीण शब्दामुळे नव्हे, वाक्याच्या बांधणीमुळे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण शेवटाची वाट बघत वाचतो. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे एक अख्खी गोष्ट घुसवलेली असते. हे वाक्य घ्या :

'द फार्मर्स हू हॅड सोल्ड देअर लँड टु द कंपनी बिफोर द रेल्वे केम रिसीव्ह्ड नथिंग.'

मुलं 'कंपनी रिसीव्ह्ड नथिंग' किंवा 'रेल्वे केम रिसीव्ह्ड' असं काहीतरी वाचतात आणि गोंधळतात. यावर आपल्याच भाषेत उपाय आहे : जो-तो. 'हू', 'विच', 'दॅट' दिसलं की मनात 'ज्या... त्या' लावा. 'रेल्वे येण्याआधी ज्या शेतकऱ्यांनी कंपनीला जमीन विकली, त्यांना काही मिळालं नाही.' गाठ सुटली. परीक्षेत प्रत्येक वाक्याला हे करायला वेळ नसतो, पण महिनाभर रोज पाच वाक्यांना केलं तर नजर आपोआप कर्त्यावरून उडी मारून क्रियापदावर जायला लागते.

कधी कधी हे 'हू', 'विच' गाळलेलेही असतात. 'द मेथड युज्ड बाय द टीम फेल्ड'. इथे 'युज्ड' हे वाक्याचं क्रियापद नाही, 'फेल्ड' आहे. टीमने वापरलेली पद्धत फसली. अशी वाक्यं वहीत जमवा.

---

पाणकळा
सोमवार, दुपारी २:१५

सर, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी एक फी वाचली असती. जो-तो मी आजपासून आमच्या सिस्टरला द्यायला लागते.

आणि सर, वाईट वाटून घेऊ नका. क्रियापदाची तीन रूपं पाठ करून घेणारे बाई-गुरुजी नसते तर मी इथवर आलेच नसते.

---

कोकणकडा
सोमवार, रात्री ८:३०

कॅनडा पीआरवाल्यांसाठी (तिथे कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी) दोन शब्द, कारण आमची परीक्षा जनरल ट्रेनिंग या दुसऱ्या प्रकारची असते. वेळ आणि प्रश्न तेवढेच, ६० मिनिटं आणि ४० प्रश्न. उतारे सोपे : पहिल्या भागात जाहिराती, सूचना, वेळापत्रकं असे छोटे मजकूर, दुसऱ्यात कामाच्या ठिकाणचे नियम, प्रशिक्षण वगैरे आणि तिसऱ्यात एक लांब लेख. पण सोपे म्हणून हुरळून जाऊ नका, मार्कांची पट्टी कडक आहे. अकॅडमिकला ३० बरोबर असले की ७ बँड मिळतो, जनरलला त्याच ३० ला ६ मिळतो. ७ साठी ३४ लागतात. सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषा-पट्टीवरची नववी पातळी) गाठायचं तर रीडिंग ७ हवंच. म्हणजे अख्ख्या पेपरात सहा चुका परवडतात, सातवी नाही.

माझे मार्क पहिल्या भागात गेले, जिथे जायला नको होते. पाच जिमच्या जाहिराती आणि प्रश्न 'कोणत्या जिममध्ये वीकेंडला मुलांना प्रवेश आहे?' मी 'चिल्ड्रन' शोधत बसलो. उत्तर होतं त्या जाहिरातीत 'फॅमिलीज वेलकम एव्हरी डे' लिहिलेलं. एव्हरी डे म्हटलं की शनिवार-रविवार आलाच, फॅमिली म्हटलं की मुलं आलीच. कळायला किती सोपं, पण घड्याळ चालू असताना सुचत नाही.

---

घाटमाथा
सोमवार, रात्री ९:१०

४ नंबर मान्य. रात्री दोनदा वाचला, बोट हवेतच राहिलं.

पण एका मुद्द्यावर चर्चा हवी. आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा? यूट्यूबवर जो तो वेगळं सांगतो. मी आधी उतारा पूर्ण वाचतो. त्यात सात-आठ मिनिटं जातात, पण काय कुठे आहे हे कळतं. आधी प्रश्न वाचले की मला तेरा प्रश्न लक्षात राहत नाहीत, नुसता गोंधळ होतो.

---

पाणकळा
सोमवार, रात्री १०:३०

माझं मत स्पष्ट सांगते : ते प्रश्नाच्या प्रकारावर ठरवा.

ट्रू-फॉल्स आणि रिकाम्या जागांचे प्रश्न साधारण उताऱ्याच्याच क्रमाने येतात. तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्याच्या खाली असतं. इथे तेरा प्रश्न डोक्यात ठेवायची गरजच नाही. दोन प्रश्न वाचा, उतारा वाचत जा, पहिल्याचं सापडलं की तिसरा प्रश्न वाचा. एक हातात, एक रांगेत.

'कोणत्या परिच्छेदात ही माहिती आहे?' हा प्रकार क्रमाने येत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या परिच्छेदात असू शकतं आणि एकच परिच्छेद दोनदाही येऊ शकतो, तसं सूचनेत लिहिलेलं असतं. हा प्रकार त्या उताऱ्याच्या शेवटी करा. तोपर्यंत बाकीचे प्रश्न सोडवताना अर्धा उतारा वाचून झालेला असतो, अर्धी उत्तरं आठवतात. दुसऱ्या परीक्षेत मी क्रमांक लावल्यासारखे प्रश्न सोडवले. हा प्रकार पहिला होता, त्यात चौदा मिनिटं गेली आणि तिसऱ्या उताऱ्याला फक्त अकरा मिनिटं उरली.

हेडिंग जुळवायचं असेल तर मात्र तुमचीच पद्धत बरी. परिच्छेद पूर्ण वाचा, यादीकडे बघू नका आणि मनात चार शब्दांचा मराठी मथळा द्या, वर्तमानपत्रात देतात तसा. 'जुन्या उपायाचा तोटा'. 'शंका घेणारे लोक'. मग यादी बघा. आधी यादी बघितली की परिच्छेदातला एखादा शब्द यादीतल्या शब्दाला चिकटतो आणि आपण फसतो. समजा परिच्छेदभर धरणामुळे उठलेल्या गावांबद्दल लिहिलंय आणि शेवटच्या ओळीत विजेचा एक आकडा आहे. यादीत 'वीजनिर्मितीचे फायदे' असं हेडिंग असणारच. ते त्या एका ओळीचं हेडिंग झालं, परिच्छेदाचं नाही.

मला सर्वात जास्त उपयोगी पडलेला प्रश्न हा : "हा परिच्छेद काय *सांगतोय*" याऐवजी "काय *करतोय*?" कारण देतोय, आक्षेप घेतोय, आधीच्याचं उदाहरण देतोय की काळ पुढे नेतोय? हे कळलं की तीन हेडिंग आपोआप बाद होतात.

---

लाल_माती
मंगळवार, सकाळी ६:५५

ताई, कालपासून तुम्ही म्हणता तसं करतोय. पण स्पीडचं काय? मला एका उताऱ्याला सव्वीस-सत्तावीस मिनिटं लागतात. तिसरा उतारा कधीच पूर्ण होत नाही. शेवटी सगळीकडे 'सी' लिहून येतो.

---

पाणकळा
मंगळवार, रात्री ११:०५

आत्ताच ड्युटीवरून आले, म्हणून उशीर.

तू घड्याळ फार लवकर लावलंस. मीही तेच केलं होतं. अधिकृत जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं मिळतात. मी तीन महिन्यांत वीस पेपर सोडवले आणि एकवीस ते पंचवीसच्या मधेच फिरत राहिले. पेपर सोडवायचा, उत्तरं तपासायची, वाईट वाटून घ्यायचं आणि पुढचा घ्यायचा. मोजणं झालं, शिकणं झालंच नाही.

तिसऱ्या वेळी पहिले तीन आठवडे घड्याळ कपाटात ठेवलं. एका उताऱ्याला दीड तास लागला तरी चालेल, पण तेराच्या तेरा उत्तरांसाठी उताऱ्यातल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ हवी. उत्तर बरोबर आलं पण रेघ नाही, तर ते चूक धरायचं. या तीन आठवड्यांत मी फक्त आठ उतारे केले. चौथ्या आठवड्यात घड्याळ लावलं तेव्हा एका उताऱ्याला बावीस मिनिटं लागली, मी पळायचा प्रयत्न न करता. आधी वेळ वाचण्यात जात नव्हता, तीच ओळ चारदा वाचण्यात जात होता.

त्याच काळात दोन रकान्यांची वही केली. डावीकडे उताऱ्यातले शब्द, उजवीकडे प्रश्नातले :

चिल्ड्रन अंडर फाइव्ह – द व्हेरी यंग
डबल्ड – ट्वाइस ॲज मेनी
इन इट्स इन्फन्सी – रीसेंटली डेव्हलप्ड
कुड नॉट अफोर्ड – टू एक्स्पेन्सिव्ह
वॉज अबॅन्डन्ड – नो लाँगर इन यूज

नव्या शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा ही वही लाख पटीने उपयोगाची. आठ उताऱ्यांतून दोनशेच्या वर जोड्या जमल्या. मग प्रश्न वाचतानाच मनात यायचं, की 'टू एक्स्पेन्सिव्ह' हे उताऱ्यात कसं लिहिलं असेल? आणि डोळे 'अफोर्ड', 'कॉस्ट', 'फंड्स' असलं काहीही पकडायला तयार असायचे.

वेळेची वाटणी सरळ वीस-वीस-वीस करू नकोस. अकॅडमिकचे उतारे पुढे जड होत जातात. पहिला सोळा-सतरा मिनिटांत, दुसरा वीस, बाकीची तिसऱ्याला. एका प्रश्नावर दीड मिनिट गेलं की काहीतरी लिहायचं, खूण करायची आणि पुढे जायचं. तो एक प्रश्न आणि तिसऱ्या उताऱ्यातला सोपा प्रश्न, दोघांना मार्क एकच.

---

शब्दवेल
बुधवार, सकाळी ७:०५

वहीच्या जोडीला एक पान छोट्या शब्दांसाठी ठेवा. मुलं मोठ्या शब्दांना घाबरतात आणि फसवतात मात्र छोटे : ऑल, मोस्ट, सम, ओन्ली, ऑलवेज, मे, मेनली. उताऱ्यात 'सम' आणि विधानात 'ऑल' असलं की विधानाचा रंगच बदलतो. 'मे कॉज' म्हणजे होऊ शकतं, 'कॉजेस' म्हणजे होतंच.

तसेच लपलेले नकार. 'हार्डली', 'सेल्डम', 'फेल्ड टु', 'फार फ्रॉम', 'अनलाइकली'. यांत 'नॉट' कुठेच दिसत नाही, पण अर्थ नकाराचा आहे. 'द प्लॅन वॉज फार फ्रॉम पॉप्युलर' यात 'पॉप्युलर' दिसलं म्हणून योजना लोकप्रिय होती असं लिहिणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

---

कोकणकडा
बुधवार, दुपारी १:४०

शब्दमर्यादेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' असेल आणि तीन लिहिले तर अर्थ बरोबर असूनही शून्य. 'द' लावून तिसरा शब्द झाला तरी शून्य. जोडरेघेचा शब्द एक धरतात. शब्द उताऱ्यातूनच उचलायचा, तसाच. उताऱ्यात 'सीड्स' असेल तर 'सीड' लिहू नका. स्पेलिंग चुकलं की मार्क गेला, आणि ते तर समोर छापलेलं असतं! सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तरी चालतं.

आणि विधानांच्या प्रकारात काही ठिकाणी ट्रू-फॉल्स असतं, काही ठिकाणी येस-नो. दुसरा प्रकार लेखकाच्या मतांबद्दल असतो. सूचनेत जे मागितलंय तेच लिहा.

---

लाल_माती
बुधवार, संध्याकाळी ६:२०

कॉम्प्युटरवर देणाऱ्यांनी काय वेगळं करायचं? मला कागदावर पेन्सिलने रेघा मारायची सवय लागलीय आता.

---

पाणकळा
बुधवार, रात्री १०:५०

डाव्या बाजूला उतारा, उजवीकडे प्रश्न, दोन्ही वेगवेगळे सरकतात. मजकूर निवडून हायलाइट करता येतो आणि टिपणही लिहिता येतं. वेळ स्क्रीनवर दिसत राहते. शेवटचे दोन आठवडे तरी सराव स्क्रीनवरच कर, अधिकृत संकेतस्थळांवर फुकट नमुना पेपर आहेत. फोनवर नको, मोठ्या स्क्रीनवर. घरी नसेल तर कॉलेजच्या लायब्ररीत बस. हायलाइट मोजकं कर : नावं, सालं आणि 'बट', 'हाउएव्हर' असे वळणाचे शब्द. मी पहिल्यांदा अर्धा उतारा पिवळा केला होता, मग काय शोधणार?

कागदावर देणाऱ्यांसाठी : रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळी दहा मिनिटं मिळत नाहीत. ती सोय लिसनिंगला. इथे साठ मिनिटांतच उत्तरपत्रिकेवर लिहून झालं पाहिजे.

आणखी एक, हे आमच्या सिस्टरसाठी : कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर 'वन स्किल रीटेक' म्हणून एकच भाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत, एकदाच. पण फी भरण्याआधी, निकाल जिथे द्यायचा त्यांना असा निकाल चालतो का ते त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. कोणा एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नका.

---

रातराणी_वॉर्ड७
गुरुवार, पहाटे ४:१०

ताई, मीच ती. नाव लिहिलं नाहीत म्हणून बरं वाटलं.

वॉर्ड शांत आहे म्हणून सगळा धागा एकदम वाचला. लोणारच्या पाचांत माझे तीन बरोबर आले. ३ आणि ५ चुकले. म्हणजे जिथे नॉट गिव्हन आहे तिथे मी बऱ्याचदा काहीतरी घालून पूर्ण करतेय. मला वाटतं आपल्या कामामुळेही असेल. पेशंट अर्धं सांगतो, बाकीचं आपण ओळखायचं असतं. इथे ओळखायचंच नाही.

एक विचारू? रोज किती वेळ द्यायचा? घरी सासूबाई, लहान मुलगी, आठवड्यात तीन नाइट. क्लासवाले म्हणतात रोज चार तास. मला चार तास मिळणं शक्यच नाही.

---

पाणकळा
गुरुवार, सकाळी ८:३५

बाळे, चार तास मलाही कधी मिळाले नाहीत. नाइट झाल्यावर तर अजिबात वाचू नकोस, झोप. डोळे फिरतात आणि वाचलेलं ओळीवरून घसरतं.

ज्या दिवशी नाइट नाही त्या दिवशी पन्नास मिनिटं. एका दिवशी निम्मा उतारा, दुसऱ्या दिवशी उरलेला, रेघांसकट. नाइटच्या दिवशी फक्त वहीतल्या दहा जोड्या, बसमध्ये. रविवारी मुलीला सासूबाईंकडे देऊन एक तास अखंड, तेव्हा पूर्ण पेपर. सलग साठ मिनिटं बसायची सवयही लागते, ती फुटकळ वाचनाने लागत नाही. सासूबाईंशी तू आधी बोलून ठेव. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या तासाभरात दारावर कोणी आलं तर त्या बाहेरच थांबवायच्या.

तू काल रात्री चुकलेल्या दोन्हींचं कारण स्वतः शोधलंस, ते मला दुसऱ्या परीक्षेपर्यंत सापडलं नव्हतं.

---

घाटमाथा
गुरुवार, रात्री ९:००

अजून एक मराठी उतारा टाका ना. हे इंग्रजीत केल्यापेक्षा मराठीत केलं की चूक लख्ख दिसते, कारण भाषा कळली नाही अशी सबब उरत नाही.

---

शब्दवेल
शुक्रवार, सकाळी ७:३०

हा माझ्याकडून. पुन्हा मराठीतच.

*कोयना धरण १९६० च्या दशकात पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण ती फुटली नाही. जलाशयातील पाणी आणि या भागातील भूकंप यांचा संबंध असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.*

१. १९६७ च्या भूकंपात धरणाला कोणतीही इजा झाली नाही.
२. भूकंप झाला तेव्हा जलाशय पूर्ण भरलेला होता.
३. जलाशयामुळे भूकंप होतात हे सर्व शास्त्रज्ञांना मान्य आहे.
४. धरण भूकंपात टिकून राहिले.

---

रातराणी_वॉर्ड७
शुक्रवार, दुपारी ३:४५

१ फॉल्स, बोट 'तडे गेले' वर.
२ नॉट गिव्हन.
३ फॉल्स, 'अनेक' म्हणजे सर्व नव्हे.
४ ट्रू, 'फुटली नाही'.

---

शब्दवेल
शुक्रवार, संध्याकाळी ५:१०

१, २ आणि ४ बरोबर. तिसरं पुन्हा बघा. अनेक शास्त्रज्ञ मानतात असं लिहिलंय. उरलेले मानत नाहीत असं कुठे लिहिलंय का?

---

रातराणी_वॉर्ड७
शुक्रवार, संध्याकाळी ५:५२

नाही लिहिलेलं. बाकीच्यांबद्दल काहीच नाही. म्हणजे नॉट गिव्हन.

पण सर, उताऱ्यात 'असावा' आहे आणि विधानात 'होतात' आहे. तुमचा 'मे' आणि 'कॉजेस' वाला फरक. त्यामुळे फॉल्स होत नाही का?

---

शब्दवेल
शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. तुमची हरकत बरोबर आहे. 'असावा' मानणाऱ्यांना ते 'मान्य आहे' असं म्हणता येत नाही, म्हणून कोणी फॉल्स लिहिलं तर मी ते चूक ठरवू शकत नाही. विधान मी सैल लिहिलं. असं दोन्हीकडे झुकणारं विधान परीक्षेत चालणार नाही. दुरुस्त करतो : '३. जलाशय आणि भूकंप यांचा संबंध असावा, असे सर्व शास्त्रज्ञ मानतात.'

आता सांगा.

---

रातराणी_वॉर्ड७
शुक्रवार, संध्याकाळी ६:४१

नॉट गिव्हन. 'अनेक' वर बोट ठेवलं, पण बाकीच्यांसाठी ठेवायला जागा नाही.

आज नाइट आहे. वही बॅगेत टाकलीय, दहा जोड्या बसमध्ये.